जावयावर खेकसणारी गाडी

उकंडरावांना नवी गाडी घेऊन बावीस दिवस झाले होते आणि बावीसही दिवस त्यांचं गाडीशी पटत नव्हतं. गाडीत तशी खोड काढायला जागा नव्हती. पांढरीशुभ्र, उंचपुरी, आणि एसी असा की भर वैशाखात माणसानं गोधडी मागावी. केनवडात तसली दुसरी गाडी नव्हती. पण जागची हलली रे हलली की ती टिंग टिंग करायला लागायची आणि स्टेअरिंगच्या मागे, छातीवर आडवा पट्टा बांधलेला एक लाल माणूस पेटायचा. पट्टा लावेपर्यंत तो विझत नसे. दुर्लक्ष करावं तर टिंगटिंग आणखी जोरात.

आता उकंडरावांपुढे आवाज चढवण्याची पंचक्रोशीत कोणाची प्राज्ञा नव्हती. ग्रामसभेत ते उभे राहिले की सरपंच खाली बसत. सोयाबीनचा भाव असो की पावसाचा अंदाज, त्यांनी सांगितलं म्हणजे विषय संपला. आणि इथे स्वतःच्या दारातली, स्वतःच्या नावावरची, नारळ फोडून घरी आणलेली गाडी त्यांना दटावत होती. तेही एकदा नाही, दर वेळी. शेतात जायचं तरी टिंग, दळण आणायचं तरी टिंग.

"मी काय पाळन्यातलं लेकरू हाओ?" ते गाडीलाच विचारत. "पस्तीस साल जीप चालवली. तिनं कधी तोंड नाही उघडलं."

पाचव्या दिवशी त्यांनी गाडीवर तोड काढली. पट्टा आधीच खोबणीत अडकवून टाकला आणि त्याच्या पुढ्यात बसले. पट्टा पाठीमागे, माणूस पुढे. गाडीला वाटलं, म्हातारा सुधारला. ती गप्प झाली. बकल दिवसभर कमरेत रुतायचं आणि संध्याकाळी प्रयागबाईंना त्यांच्या कमरेला बाम चोळत बसावं लागायचं, पण उकंडराव म्हणत की हे वखराच्या पाळ्यांचं दुखणं आहे. वखराला त्यांनी सात वर्षांत हात लावला नव्हता. प्रयागबाई काही बोलत नसत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी न बोलण्याची कला चांगली कमावली होती.

हे असंच चालून गेलं असतं. पण धोंड्याचा महिना लागला.

तीन वर्षांतून एकदा हा अधिकचा महिना येतो आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. लेक-जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. उकंडरावांची एकुलती एक लेक संस्कृती मंगरूळपीरला दिली होती. जावई उत्कर्ष जमीन मोजणीच्या ऑफिसात होते. बोलणं मोजून, खाणं मोजून, हसणंही मोजून. माणूस सज्जन. पण लग्नानंतरचा हा पहिला धोंडा, आणि मुख्य म्हणजे मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून लेकीचं पाऊल केनवडात पडलं नव्हतं. दीड वर्ष. संक्रांतीला जावयाला सुट्टी नाही, पोळ्याला ताप, पुढच्या दिवाळीला ऑफिसात काम. जावई येत नाहीत म्हणून लेक येत नाही. संस्कृतीचा फोन यायचा तो आईला. उकंडराव फोन हातात घेऊन "बरी हाय ना? मंग ठीक हाय," एवढंच म्हणायचे, फोन परत द्यायचे आणि गोठ्यात जाऊन उगाच उभे राहायचे. घर त्यांना खायला उठायचं. पण हे ते कोणाला सांगायचे नाहीत. सांगणार कोणाला, गाईला?

जावई का येत नाहीत, हे उकंडरावांना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवाळीला ते स्वतः जीप घेऊन दोघांना आणायला गेले होते. वाटेत शेलूबाजारला सोसायटीचे अध्यक्ष गोपीचंद भेटले, त्यांना पुढच्या सीटवर घेतलं आणि जावई मागे, खताच्या पोत्यांशेजारी. सगळ्या रस्त्यानं उत्कर्ष दोन्ही हातांनी समोरची सीट गच्च धरून बसले होते. तोंडातून शब्द नाही, चेहरा पांढराफटक. रागानं, दुसरं काय. मानाची जागा गेल्यावर कोणाला राग येणार नाही? खुद्द उकंडरावांनी तरुणपणी, सासऱ्यानं दिलेला फेटा हलका निघाला म्हणून, दोन वर्षं सासुरवाडीचं पाणी प्यायलं नव्हतं. मानापानाचं दुखणं त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मले वाटते, तसं नसन ते," प्रयागबाईंनी एकदा म्हणून पाहिलं होतं.

"तुले काय समजते मानपानातलं," उकंडराव म्हणाले होते आणि प्रयागबाई पुन्हा गप्प झाल्या होत्या.

म्हणून या खेपेला त्यांनी जावयाला स्वतः फोन लावला. धोंड्याचं आवतण दिलं, नवी गाडी घेऊन मी जातीनं येतो म्हणाले, आणि पुढची सीट तुमचीच, हे दोनदा सांगितलं.  जावयांनी गाडीचं मॉडेल विचारलं. यंदाचंच आहे ना, हेही विचारलं. दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच येतो म्हणून कळवलं. उकंडरावांनी मांडीवर थाप मारली. पाहा, मोठी गाडी आणि पुढची सीट, एवढ्यावर तर अडलं होतं.

त्या आनंदात ते प्रयागबाईंना घेऊन मळ्यात निघाले. एरवी ते गाडीत एकटेच असायचे, आज प्रयागबाई पुढे बसल्या. गाडी फाटकाबाहेर पडली आणि टिंग टिंग सुरू झालं. उकंडरावांचा पट्टा तर पाठीमागे जागच्या जागी होता. गाडी या खेपेला प्रयागबाईंवर खेकसत होती. त्यांनी निमूटपणे पट्टा ओढून लावला, आवाज थांबला. पण उकंडरावांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि कपाळावरचा घाम पुसला. एसी चालू असताना.

"चार दिसानं या सीटवर जवाई बसतीन," ते म्हणाले.

"मंग पट्टा लावतीन."

"कोन सांगन त्याईले?"

"तुमी सांगा. नाही त गाडी सांगन."

"तेच त. धोंड्याच्या महिन्यात जवायाले हुकूम सोडाचा? आन गाडी कोनाची? माही. गाडी बोलली म्हंजे मीच बोललो."

यात चूक काय, तुम्हीच सांगा. ज्या माणसाला त्या महिन्यात 'हात धुवा' म्हणायचीही सोय नाही, तांब्या घेऊन नुसतं उभं राहायचं, त्याच्यावर गाडीनं सगळ्या रस्त्यानं टिंगटिंग करायची? दीड वर्षांनी कसाबसा वळलेला माणूस वाटेतल्या मालेगावातच उतरून परत जायचा. आणि तो गेला की लेक गेली. आपल्यासारखाच पट्टा आधी लावून त्याला पुढ्यात बसवावं, तर जावयाच्या कमरेत बकल रुतवायचं. ते कसं चालेल? उकंडरावांचा गाडीवरचा राग आता खासगी राहिला नव्हता. त्यात लेकीचं माहेरपण अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाशीमला शोरूममध्ये हजर. तिथं निकिता नावाची एक मुलगी बसायची. तिनं त्यांना थंड पाणी दिलं, कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं.

"सर, पट्टा लावला की आवाज आपोआप बंद होतो," ती म्हणाली.

"ते मले मालूम हाय, बाई. पट्टा न लावता कसा बंद होते, ते इचारून राह्यलो."

"तसा तो होत नाही, सर. त्यासाठीच तर तो ठेवलाय."

"आन जवाई बसले त?"

"त्यांनीही लावायचा."

"त्याईले सांगन कोन?"

"तुम्ही नाही सांगितलं तरी चालेल, सर. गाडी सांगतेच."

उकंडराव कॉफी तशीच ठेवून उठले. जाताना त्यांनी निकिताला बजावलं की ज्या गाडीला घरातली माणसं आणि पाहुणे यांच्यातला फरक कळत नाही, ती गाडी विकताना तुम्ही लोकांना आधी सांगत जा. निकितानं ते वहीत लिहून घेतलं. त्यामुळे त्यांचा संताप आणखीच वाढला, कारण तिनं खरोखर लिहून घेतलं होतं.

तिथून तडक रिसोड. रिसोडला सादिकचं गाड्या सजवायचं दुकान होतं. सीटकव्हर, पडदे, पुढे लटकवायची लिंबू-मिरची, सगळं मिळायचं. प्रयागबाईंनी हौसेनं निवडलेली मखमली सीटकव्हरं त्यानंच बसवली होती, आणि बसवताना मागच्या सीटचे तिन्ही पट्टे कव्हराखाली गुडूप करून टाकले होते. उकंडरावांनी त्याला तेव्हा शाबासकी दिली होती. आता सादिकनं त्यांचं गाऱ्हाणं ऐकलं, ड्रॉवर उघडला आणि पट्ट्याच्या टोकाला असते तसली लोखंडी जीभ काढून समोर ठेवली. नुसतीच जीभ, मागे पट्टा नाही. खोबणीत घातली की गाडीला वाटतं पट्टा लागला.

उकंडरावांचे डोळे चमकले. असली साधी वस्तू जगात होती आणि ती शोरूमवाली पोरगी त्यांना कॉफी पाजत होती.

"दोन दे," ते म्हणाले.

"लेकिन दादा, एक बात ध्यान में रखना," सादिक म्हणाला. "हे बसलं की पट्टा नाही बसत. पट्टा लावाचा असन त हे काढा लागते."

"पट्टा लावाचाच कोनाले हाय? तुह्या गाडीले हाय ना हे?"

"नाही."

"काहून?"

"अम्मी लावू देत नाही."

सादिकची आई अमीनाबी फार भित्री, असं म्हणून उकंडराव हसले आणि दोन्ही जिभा खिशात टाकून घरी आले.

जिभा बसल्या. गाडी मुकी झाली. उकंडरावांनी प्रयागबाईंना पुढे बसवून गावाला तीन फेऱ्या मारल्या, कुठे टिंग नाही. पण ते पडले बारकाईचे. रात्रभर त्यांच्या मनात एकच. जिभेशेजारी ते लाल बटण असतं. जावयाचा हात चुकून त्याच्यावर पडला आणि जीभ उडून बाहेर आली तर? ऐन जऊळक्याच्या गर्दीत गाडी जावयावर ओरडायला लागली तर? सकाळी त्यांनी पाण्याच्या टाकीची गळती बंद करायचा लगदा आणला. दोन वड्या एकत्र मळायच्या, थापायच्या, तासाभरात दगड. त्यांनी दोनाऐवजी चार वड्या मळल्या आणि जावयाच्या बाजूचं बटण, जीभ, खोबण, सगळं लिंपून टाकलं. वरून बोट ओलं करून गुळगुळीत केलं. सीटवर नवा टर्किश टॉवेल अंथरला. स्वतःच्या बाजूला लगदा लावला नाही, कारण उरला नाही.

ठरल्या दिवशी सकाळी नवराबायको मंगरूळपीरला पोचले. आधी चहा झाला, पोहे झाले. संस्कृती बाहेर आली तेव्हा उकंडराव उठून उभे राहिले. पोरगी वाळली होती, की त्यांना तसं वाटलं, कोण जाणे. दीड वर्षात बोलायचं साठलेलं सगळं ओठांशी आलं आणि ते म्हणाले, "बरी हाय ना?" ती म्हणाली, "हो, बाबा." मग ठीक आहे म्हणून ते गाडीकडे वळले.

पुढचं दार त्यांनी स्वतः उघडलं. शेजारची चार माणसं ओट्यावर उभी होती, त्यांच्या देखत. जावई टॉवेलवर बसले. एसी चेहऱ्यावर घेतला. छताकडे, दाराकडे, समोर पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. उकंडरावांना धन्य वाटलं. मग जावयांनी खांद्यामागे हात नेला, पट्टा ओढला आणि कमरेशी खोबण चाचपायला लागले. एकदा चाचपली. दोनदा. वाकून पाहिलं. नखानं खरवडलं.

"मामाजी, हे काय हाय?"

"तुमाले तरास नको म्हनून बंद केलं," उकंडराव अभिमानानं म्हणाले. "आता गाडी तुमाले एका शब्दानं बोलनार नाही."

जावयांनी पट्टा हळूच सोडला. तो सर्रकन जागेवर गेला. मग ते गाडीतून उतरले, मागे ठेवलेली आपली बॅग काढली आणि ती हातात धरून ओट्याजवळ उभे राहिले. चेहरा तोच, त्या दिवाळीचा. पांढराफटक.

उकंडरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसानं करायचं तरी किती? गाडी आणली, पुढची सीट दिली, टॉवेल अंथरला, वाशीम-रिसोडला खेटे घातले, चार वड्या मळल्या. नारायण झाला म्हणून काय झालं? धोंडा की फोंडा, सगळं विसरून ते म्हणाले, "आता काय राह्यलं बाप्पा? आता कोनता मान राह्यला?"

 जावई जमिनीकडे पाहत होते. बोलली ती संस्कृती.

"बाबा, ते रुसले नाहीत. कधीच रुसले नव्हते. त्याईले भेव वाटते."

"कोनाचं?"

"तुमच्या गाडी चालवन्याचं."

 संस्कृतीनं मग सगळंच सांगून टाकलं. त्या दिवाळीला बाबांच्या एका हातात फोन होता आणि ते सोयाबीनचा भाव विचारत होते. जऊळक्याच्या वळणावर त्यांनी एसटीला ओलांडायला जीप बाहेर काढली आणि समोरून ट्रक आला. जीप रस्ता सोडून मुरमावर गेली, पळसाच्या झाडाला वळसा घालून परत रस्त्यावर आली आणि बाबा फोनवर म्हणाले, "हा, बोल." उकंडरावांना तो प्रसंग चांगला आठवत होता. गावात त्यांनी तो पंधरा ठिकाणी सांगितला होता, आपल्या हाताच्या सफाईचा दाखला म्हणून. त्यानंतर दोन दिवस जावयांना ताप होता, हे मात्र त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"या खेपेले ते काहून राजी झाले, मालूम हाय?" संस्कृती म्हणाली. "त्याईनं मोबाइलवर पाह्यलं. सहा एअरबॅग हायेत आन पट्टा नाही लावला त गाडी गप बसत नाही. म्हनले, आता मामाजीले लावाच लागन. त्या टिंगटिंगीच्या भरवशावर माह्यं माहेर होतं, बाबा."

उकंडराव प्रयागबाईंकडे वळले. "तुले मालूम होतं?"

"हिनं दिवाईलेच सांगतलं होतं मले."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगून राह्यली होती. तुमी म्हनले, तुले काय समजते."

उकंडरावांचा संताप अंगात जागच्या जागी होता, पण आता तो काढायचा कोणावर, हे त्यांना उमगेना. गाडीवर काढावा तर तिनं बिचारीनं पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगितलं होतं. सादिकनं सांगितलं होतं. त्या निकितानं तर लिहूनसुद्धा घेतलं होतं. शेवटी त्यांनी पेचकस मागितला आणि लगद्यावरच तुटून पडले. लगदा हलला नाही. जावयांनी किल्लीनं खरवडून पाहिलं, ओट्यावरच्या एकानं गरम पाणी आणलं, दुसऱ्यानं बत्ता आणला. बत्त्याला प्रयागबाईंनी नको म्हटलं. भर उन्हात अर्धा तास सगळे त्या खोबणीशी झुंजले आणि लगद्याचा कपचाही निघाला नाही. पाकिटावर दगडासारखा होतो असं लिहिलं होतं. तेवढे लोक मात्र खरं लिहितात.

मग संस्कृतीनं ठरवून टाकलं. एक तर हे चालवतील आणि आपण तिघं मागे पट्टे लावून बसू, नाही तर आम्ही दोघं एसटीनं येतो. तिसरा रस्ता नाही. उकंडराव हबकले. धोंड्याच्या महिन्यात जावयाला ड्रायव्हर करायचं, आणि सासऱ्यानं मागे बसून यायचं? गावात तोंड कसं दाखवायचं? पण एसटी मालेगावला बदलावी लागते, आणि मालेगावला जावयाचं मन बदललं तर? त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या हातात पिशवी होती, तीतून आईसाठी आणलेल्या साडीचं टोक बाहेर आलं होतं.

"घ्या किल्ली," ते म्हणाले.

मागच्या सीटकव्हराला ब्लेड लावावं लागलं. मखमल टरकन फाटली तेव्हा प्रयागबाईंनी डोळे मिटून घेतले. तीन पट्टे निघाले, नवेकोरे, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेले. जावयांनी ड्रायव्हरच्या बाजूची जीभ काढली, ती खिडकीतून फेकली नाही, व्यवस्थित कागदात गुंडाळून खिशात ठेवली. सीट पुढे घेतली. तिन्ही आरसे नीट केले. मग मागे वळून एकेकाला पट्टा लागला का ते विचारलं. प्रयागबाईंचा लागला होता, मध्ये बसलेल्या संस्कृतीचा लागला होता. उकंडराव खिडकीपाशी हाताची घडी घालून बसले होते. गाडी हलली आणि टिंग टिंग सुरू झालं. मागच्या सीटचंही ही गाडी ओरडते, हे त्यांना आजच कळलं. संस्कृतीनं त्यांच्या अंगावरून हात नेऊन पट्टा ओढला आणि खट्ट करून लावला. लहानपणी तिच्या चपलेचा पट्टा ते असाच लावायचे, पण हे त्यांना तेव्हा आठवलं नाही. त्यांना फक्त अपमान आठवत होता.

पुढे नारायण एकटे, शेजारची टॉवेल अंथरलेली मानाची सीट रिकामी, आणि मागे तीन माणसं बांधलेली. गाडी चाळीसच्या वर जाईना. शेलूबाजारच्या आधी एका ट्रॅक्टरनं त्यांना मागे टाकलं, आणि त्याला ट्रॉली होती. एसटीनं टाकलं, कंडक्टरनं वाकून पाहिलं. दुधाच्या कॅनवाल्यानं टाकलं. जावयाला लवकर चला म्हणायची सोय नव्हती. उकंडराव डोळ्यांनी प्रयागबाईंना खुणावत होते की तू पोरीला सांग आणि पोरगी त्यांना सांगेल. प्रयागबाई खिडकीबाहेर पळस मोजत होत्या. त्यातच मोटरसायकलवर गोपीचंद अध्यक्ष आले. ओलांडून पुढे गेले, चमकले, गती कमी करून परत बरोबरीला आले, आणि स्टेअरिंगवर जावई, मागे बायकांत पट्टा बांधलेले उकंडराव, हे सगळं डोळे भरून पाहिल्यावर त्यांनी काच खाली करायची खूण केली.

"तब्येत बरी नाही का, उकंडराव?"

"बरी हाय," उकंडराव म्हणाले आणि काच वर केली. रात्रीपर्यंत हे केनवडात घराघरात पोचणार होतं. रागानं त्यांची कानशिलं तापली होती, आणि तो एसी नुसता नावालाच होता.

जऊळक्याचं वळण आलं. जावयांनी चाळीसची वीस केली, इंडिकेटर दिला, हॉर्न दिला.  वळण गेल्यावर संस्कृतीनं सुटकेचा श्वास सोडला आणि सहज विचारलं, "बाबा, आपली कपिली व्याली का?"

कपिली व्याली होती. कालवड झाली होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली. उकंडरावांनी एका वाक्यात सांगून टाकलं. पण तिनं दुसरं विचारलं, मग तिसरं. फोनवर दोन वाक्यांत मिटवता येतं, इथं पट्टा लावलेला, उठून गोठ्यात जायची सोय नाही. बोलावंच लागलं. मग तीच बोलायला लागली. परीक्षेचा फॉर्म भरलाय, सकाळी चारला उठते, भाकरी अजून फुगत नाही, घरमालकाचा पोपट तिच्या नावानं हाक मारतो, मागच्या पोळ्याला तिला खूप रडू आलं होतं. उकंडराव ऐकत होते. मध्येच त्यांनी तिला एकदा रागावून विचारलं की पोळ्याला रडू आलं तर मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही फोन लगेच आईला देता. 

मालेगाव गेलं आणि तिचं बोलणं विरळ होत गेलं. चारला उठणारी पोरगी. डोकं आधी मागे टेकलं, मग घसरत घसरत उकंडरावांच्या खांद्यावर आलं. त्यांनी खांदा हलवला नाही. आधी हाताला मुंग्या आल्या, मग हात बधिर झाला, मग तो आहे की नाही हेही कळेना. एक मालट्रक ओलांडून गेला, दोन मोटरसायकली ओलांडून गेल्या. उकंडरावांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पलीकडून प्रयागबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, त्यांनी तेही पाहिलं नाही.

केनवड सहा किलोमीटर, अशी पाटी दिसली.

उकंडराव खांदा न हलवता, पट्टा जाऊ देईल तेवढे पुढे झुकले. घसा खाकरला, तोही हळूच. आणि ऐन धोंड्याच्या महिन्यात, रीतभात सगळी बाजूला ठेवून, त्यांनी जावयाला हुकूम सोडला.

"जवाईबापू, जरा हळू घ्या ना. कायची घाई हाय?"

जावयांनी आरशातून मागे पाहिलं आणि चाळीसवरची गाडी तीसवर आणली.